हलवा, गाठी आणि मुलांचे हात

साखर सणाला खायची असते, तशी ती सणाला मिरवायचीही असते, हे मराठी घरांना वेगळे सांगावे लागत नाही. संक्रांतीला आपण तान्ह्या बाळाच्या डोक्यावर साखरेचा मुकुट ठेवतो, नव्या सुनेच्या गळ्यात साखरेचा हार घालतो आणि पाडव्याला गुढीला साखरेची माळ बांधतो. आधी अंगावर किंवा दारात मिरवायचे आणि मग सगळ्यांनी वाटून खायचे, अशी ही सजावट आहे. हलव्याचे दागिने, साखरगाठी, बत्ताशांची आणि गोळ्यांची तोरणे लहान मुलांना बरोबर घेऊन घरी किंवा शाळेत कशी करावीत, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

तिच्यामागचे म्हणणे एकच आहे. हे दागिने मुलांच्या हातून घडले पाहिजेत. आज बोरन्हाण ठरले की तयार संच विकत येतो. पुण्यात तुळशीबागेत डिसेंबरपासूनच मुकुट, हार, बाजूबंद, बासरी असे सगळे मांडलेले दिसते. बाळाला ते घालतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी संच डब्यात जातो. बाळाच्या मोठ्या भावंडांना, शेजारच्या मुलांना त्या दिवशी फक्त बोरे आणि चुरमुरे लुटण्याचे काम असते. ते काम आनंदाचेच आहे. पण त्याआधीचे आठ-पंधरा दिवस, ज्यांत हलवा निवडायचा, दोऱ्यात बांधायचा, पुठ्ठा कापायचा, ते मुलांच्या हातून गेले. ते दिवस मुलांना परत मिळावेत, यासाठी हा खटाटोप आहे.

मुळशी तालुक्यात बसून हे लिहिण्याला कारण आहे. मुळशीचा पश्चिम भाग भाताचा आणि पावसाचा. ताम्हिणी घाटात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इकडे मीठ पाणी सोडते, साखर बरणीत चिकटून बसते आणि गूळ पाझरू लागतो. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, कासारसाईच्या बाजूला, ऊस आहे. संत तुकाराम सहकारी साखर कारखाना तिथेच कासारसाई-दारुंब्रे इथे उभा आहे. थंडी पडली की उसाच्या मोळ्या लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागतात. भात झोडून झालेला असतो, हवा कोरडी झालेली असते, बोरे पिकलेली असतात, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. संक्रांतीच्या सुगडात आपण जे घालतो, म्हणजे उसाचे करवे, बोरे, घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ, ते सगळे या दिवसांतले.

साखरेच्या सजावटीचे पंचांग या हवेशी जुळलेले आहे. पौषात हलवा, फाल्गुनात आणि चैत्रात गाठी. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून हलव्याचा मुकुट श्रावणात करायला घेतला तर तो हातातच ओलावेल. जानेवारी ते मार्च हा कोरडा काळ आणि तोच उसाच्या गाळपाचाही हंगाम. नवी साखर यायची त्याच दिवसांत साखरेचे दागिने घडवायचे, हे आपल्या आधीच्या बायकांनी अनुभवाने बसवलेले वेळापत्रक आहे. मुलांना ऋतू शिकवायचा असेल तर तक्त्यापेक्षा हे सोपे आहे. जुलैत एक गाठी उघड्यावर ठेवा, फेब्रुवारीत दुसरी ठेवा, आणि दोन्ही गाठींचे काय झाले ते मुलांनाच वहीत लिहू द्या.

आता हलव्याविषयी जरा सविस्तर, कारण या सगळ्या कलेचा पाया तो आहे. हलवा म्हणजे तिळाच्या, खसखशीच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्यावर साखरेचे थर चढवून केलेला काटेरी दाणा. लवंग, वेलदोड्याचे दाणे, शेंगदाणे, चुरमुरे, कलिंगडाच्या बिया यांचाही करतात. साखरेत पाणी घालून पाक करायचा. उकळताना त्यात चमचाभर दूध घातले की मळी वर येते. ती काढून पाक गाळून घ्यायचा. हा पाक पातळच हवा. मग परातीत मूठभर तीळ, खाली अगदी मंद आच. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून ती आच राखत. तिळावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ गोल गोल फिरवत राहायचे. पाक सुकला, दाणे सुटे झाले की पुन्हा चमचाभर. घाईने जास्त पाक ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच वाढली तर साखर पिवळी पडते. हात थांबला तर दाण्याची एकच बाजू जाड होते.

पहिल्या दिवशी काहीच घडत नाही असे वाटते. तीळ फक्त पांढरे आणि थोडे जाड दिसतात. थर चढत गेले की दाण्याच्या अंगावर बारीक उंचवटे येतात. उंचवट्यावर पाक आधी सुकतो, पुढचा थर तिथेच जास्त धरतो आणि उंचवट्याचा काटा होतो. पहाटेच्या थंडीत काटा चांगला फुलतो, असे करणाऱ्या बायका सांगतात, आणि म्हणून हे काम पहाटे उठून करायची रीत होती. एवढ्याशा परातीतला हलवा नीट फुलायला कित्येक तास, बहुधा दोन-तीन दिवस लागतात. मुलांनी हे जवळून पाहावे, पण आचेपाशी बसून करू नये. करणारी मोठी बाई आणि बाजूला, हाताच्या अंतरावर, भिंग घेऊन बसलेली मुले, अशी ती बैठक असावी. दर तासाला एकेक दाणा काढून कागदावर क्रमाने चिकटवत गेले की तिळापासून काट्यापर्यंतची सगळी वाटचाल एका ओळीत दिसते. साखरेचे स्फटिक कसे वाढतात, हे शिकवायला याहून चांगले साधन शाळेच्या कपाटात सापडणार नाही.

काटा शोभेचा आहे तसा कामाचाही आहे. हलव्याच्या दाण्यात सुई शिरत नाही. शिरवली तर दाणा फुटतो. म्हणून हलवा ओवत नाहीत, तो दोऱ्यात बांधतात. पांढरा दोरा ताणून घ्यायचा, त्याचा फास दाण्याभोवती टाकायचा आणि हलकेच ओढायचा. काट्यांच्या मधल्या खाचेत दोरा रुतून बसतो आणि दाणा पक्का होतो. मग त्याला लागून दुसरा. गुळगुळीत गोळी अशी बांधता येत नाही, ती निसटते.

सात-आठ वर्षांच्या मुलीला हे करताना पाहावे. पहिले काही दाणे तिच्या बोटांतून उडून जातात. मग तिला कळते की फास आधी मोठा ठेवायचा, दाणा आत धरायचा आणि ओढताना अंगठा सोडायचा नाही. एकदा हे जमले की ती मान वर करत नाही. वीतभर माळ व्हायला तिला बराच वेळ लागतो. मोठ्या माणसाने तेवढ्यात दहा माळा केल्या असत्या. पण ती वीतभर माळ बाळाच्या मनगटाला पुरते, आणि आपल्या भावाच्या हातातली मनगटी आपण केली आहे हे त्या मुलीला माहीत असते.

अशा माळा जाळीच्या कापडावर किंवा पुठ्ठ्यावर बसवून दागिने होतात. बाळासाठी मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे आणि मुलगा असेल तर बासरी. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला, तिळवणाला, काळ्या साडीवर नथ, बिंदी, कर्णफुले, चिंचपेटी, तन्मणी, मंगळसूत्र, पाटल्या, तोडे. जावयाला हार, हातात धरायचा गुच्छ आणि हलव्याचा नारळ. काळ्या कापडावर पांढरा हलवा उठून दिसतो आणि काळा रंग थंडीत ऊबही धरतो. संक्रांतीला काळे नेसण्याची मुभा या दागिन्यांना अगदी शोभून दिसते. ज्या घरात सोन्याचा तन्मणी कधी आला नाही, त्या घरातही हलव्याचा तन्मणी येऊ शकतो. मला या कलेत सगळ्यात मोलाचे वाटते ते हे.

तरी साखर सगळ्यांच्या आवाक्यात होती असे मात्र नाही. हत्तीवरून साखर वाटणे हा वाक्प्रचार मोठ्या आनंदासाठी आला, तो साखर मोलाची होती म्हणून. खेड्यापाड्यात रोजच्या गोडाला गूळ होता आणि साखर सणाची, पाहुण्यांची. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे असे कारखाने महाराष्ट्रभर झाले आणि साखर घरोघर पोचली. गोळ्या-चॉकलेटांचाही असाच इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना काढला आणि 1942 पासून तिथे गोळ्याही होऊ लागल्या. विलेपार्ल्यात 1929 मध्ये सुरू झालेल्या पारलेनेही आधी गोळ्याच केल्या, बिस्किटे नंतर आली. बोरन्हाणाच्या लुटीत आज बोरांबरोबर गोळ्या आणि चॉकलेटे पडतात, रुखवतात चॉकलेटचा बंगला मांडला जातो, त्याची मुळे इथे आहेत. म्हणून या पुस्तिकेत वेष्टनातल्या गोळ्यांचे तोरण आणि बत्ताशांचे घर यांनाही जागा दिली आहे. परंपरा म्हणून हलवा चालेल आणि गोळी चालणार नाही, असा हट्ट मला पटत नाही.

गाठींची गोष्ट हलव्याच्या उलट आहे. हलवा दिवसेंदिवस वाढतो, गाठी काही मिनिटांत होते. नक्षी कोरलेला लाकडी साचा, त्याच्या खाचेत आडवा घातलेला दोरा, आणि वरून ओतलेला दाट कढत पाक. पाक थंड झाला की साचा उघडायचा. दोऱ्यात अडकलेली पदकांची माळ अखंड बाहेर येते, पांढरी, गुलाबी किंवा पिवळी. पाडव्याला ती गुढीला कडुनिंबाच्या डहाळीशेजारी बांधतात. काही भागांत होळीला मुलांच्या गळ्यात घालतात आणि मुले दिवसभर गळ्यातली माळ चोखत हिंडतात. हा पाक उकळत्या पाण्याहूनही जास्त तापलेला आणि चिकट असतो. त्याचा चटका वाईट. त्यामुळे भट्टीतली गाठी मुलांनी करू नये, हे निक्षून सांगते.

मग मुलांनी काय करावे? याचे उत्तर मला मेक्सिकोत सापडले. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या स्मरणाचा सण असतो. तोलुका शहरात त्याआधी साखरेच्या चित्रांचा मोठा बाजार भरतो. साखरेच्या कवट्या करून त्यांच्या कपाळावर माणसांची नावे लिहितात. घरोघरी त्या करायची एक सोपी रीत अशी, की साखर जेमतेम ओलसर करायची, साच्यात दाबून भरायची, उपडी करायची आणि रात्रभर सुकू द्यायची. आच लागतच नाही. आपल्या गाठीला हीच रीत लागू पडते. वाटीभर बारीक साखरेला चमचाभर पाणी, ओल्या वाळूसारखी मूठ वळली की झाले. मोदकाच्या साच्याच्या एका पाळीत अर्धी साखर दाबायची, दोरा ठेवायचा, वर उरलेली साखर दाबायची. मुळशीच्या मार्चच्या हवेत ती सकाळपर्यंत खडखडीत वाळते. भट्टीच्या गाठीची चमक तिला येत नाही, पण ती पाच वर्षांच्या मुलाने केलेली असते आणि गुढीला ती शोभते.

हलव्याचेही एक भावंड दूर जपानात आहे. तिथला कोनपेइतो दिसायला थेट आपला हलवा, गोल आणि काटेरी. ही मिठाई पोर्तुगीजांनी जपानात नेली. 1569 मध्ये लुईश फ्रॉइश या धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला काचेच्या बरणीतून ती भेट दिली होती. क्योतोमध्ये आजही ती तिरप्या फिरत्या कढईत थोडा थोडा पाक सोडत करतात आणि एका घाण्याला दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला तिच्या काट्यांनी एवढे कोड्यात टाकले की त्याने त्यावर निबंध लिहिला. आपल्या परातीत पहाटे जे घडते त्याचा एका शास्त्रज्ञाने ध्यास घेतला होता, हे मुलांना जरूर सांगावे.

दूर कशाला जावे, आज मुळशीतच अनेक प्रांत नांदत आहेत. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात. माण, मारुंजी, सूस, बावधन इथल्या सोसायट्यांत देशभरातली कुटुंबे राहायला आली आहेत. कर्नाटकातल्या घरात संक्रांतीला साच्यातली साखरेची चित्रे होतात आणि तीळ-गूळ-खोबऱ्याबरोबर वाटली जातात. नाताळात त्याच सोसायटीच्या झाडावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्यांच्या काठ्या टांगतात. आणि तिथून तासाभराच्या वाटेवर, पौडच्या पलीकडच्या एखाद्या गावात, हलवा करू जाणणारी आजी असते. नातवंडे शहरात गेल्यामुळे तिची परात माळ्यावर पडलेली असते. ही आजी आणि सोसायटीतली मुले यांची गाठ घालून देणे अवघड नाही. सोसायटीच्या सभागृहात एक शनिवार आजीला बोलवा. किंवा मुलांना घेऊन तिच्या ओसरीवर जा. जिल्हा परिषदेच्या शाळेत डिसेंबरच्या कार्यानुभवाच्या तासाला हेच घेता येईल. त्यासाठी हलवा, पुठ्ठा, दोरा एवढेच लागते.

वयाप्रमाणे काम कसे वाटावे, ते पुढे प्रत्येक कृतीबरोबर दिले आहे. ढोबळ सूत्र असे. तीन-चार वर्षांची मुले हलवा निवडतात, लहान-मोठा, पांढरा-रंगीत वेगळा करतात, तोही मोठ्यांच्या नजरेसमोर. पाच-सहा वर्षांची मुले पुठ्ठ्यावर दाणे चिकटवतात. सातच्या पुढची दोऱ्यात बांधतात. दहाच्या पुढची मुले मुकुटाचा नमुना स्वतः काढतात आणि धाकट्यांना शिकवतात. पाक आणि आच शेवटपर्यंत मोठ्यांकडे.

काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. हलव्याचा दाणा तान्ह्या बाळाच्या घशात अडकू शकतो. बोरन्हाण घातलेले बाळ दागिना तोंडात घालणारच, म्हणून त्याच्याजवळ एक माणूस पूर्णवेळ हवे, आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना हलवा, चुरमुरे, शेंगदाणे खायला देऊ नयेत. डोक्यावर ओतायची बोरे लहान आणि मऊ निवडावीत. नेहमीच्या डिंकाने चिकटवलेला दागिना खाऊ नये. खायचा असेल तर पिठीसाखरेत लिंबाचे थेंब घालून घट्ट लेप करावा आणि त्याने चिकटवावे. तो वाळून चांगला धरतो. रंग खाण्याचेच वापरावेत. बीट आणि हळद यांचे रंग फिके येतात, पण मुलांना ते स्वतः काढता येतात. साखर बेताने, आणि खाल्ल्यावर चूळ भरणे, हा कृतीचाच भाग धरावा. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवावा.

एक प्रश्न पालक नेहमी विचारतात: एवढे कष्ट करून केलेले दागिने टिकत नाहीत, मग करायचे कशाला? माझे उत्तर असे, की ते टिकत नाहीत म्हणूनच दर वर्षी करावे लागतात, आणि दर वर्षी करावे लागतात म्हणून ते शिकवले जातात. सोन्याचा दागिना पिढ्यान्‌पिढ्या कुलपात राहिला तरी घरात एकही सोनार तयार होत नाही. हलव्याचा दागिना रथसप्तमीपर्यंत वाटून संपतो, आणि पुढच्या पौषात कुणीतरी पुन्हा परात घेऊन बसल्याशिवाय तो नव्याने येत नाही. मोडणारी वस्तू मुलांच्या हाती द्यायला आपण भितो. इथे ती भीती बाळगायचे कारणच नाही. मोडलेला तुकडा खाऊन टाकता येतो आणि दुसरा करता येतो. चूक करण्याची एवढी मोकळीक देणारी दुसरी हस्तकला मला माहीत नाही.

पुस्तिकेचे तीन भाग आहेत. पहिला हलव्याचा, दुसरा गाठींचा, तिसरा बत्ताशे आणि गोळ्यांचा. सुरुवात कुठूनही करा, पण पहिल्याच वर्षी पूर्ण संच करायला जाऊ नका. एक मनगटी किंवा एक कच्ची गाठी पुरे. मुलाने बांधलेली गाठ सैल असेल, मुकुट एका बाजूला कललेला असेल, तर तो उकलून नीट करू नका. तसाच बाळाच्या डोक्यावर ठेवा, आणि तो कुणी केला हे आलेल्या सगळ्यांना नाव घेऊन सांगा. आपल्या घरात, वाडीवर, सोसायटीत हलवा करणारी कुणी असेल तर या संक्रांतीलाच तिच्याकडे जा, मुलांना सोबत न्या आणि तिच्या शेजारी बसवा. ही पुस्तिका त्या बैठकीच्या तयारीसाठी आहे. तिथे पोचल्यावर ती मिटून ठेवली तरी चालेल.